भाड्याच्या घरातल्या सामानाचा विमा: कोल्हापुरात नव्यानं राहायला येणाऱ्यांसाठी

मे २०१९ मध्ये मी शाहूपुरीत तळमजल्यावर दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. मूळची आजऱ्याची, नोकरी राजारामपुरीत. चालत जाता येईल अशी जागा मिळाली याचंच अप्रूप होतं. पुराचं विचारलं तर घरमालक काका म्हणाले, "इथं कुठलं पाणी येतंय? २००५ ला पण दारात आलं न्हवतं. बिनधास्त राहा." काका खोटं बोलले नव्हते. ऑगस्टात पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेली, आणि ज्या गल्ल्यांनी कधी पाणी बघितलं नव्हतं त्यांनीही ते बघितलं. पाणी उतरल्यावर कुलूप उघडलं तर फ्रिज आडवा होऊन मोरीच्या दाराशी अडकलेला. फ्रिज पाण्यावर तरंगतो हे मला तोवर माहीत नव्हतं. वॉशिंग मशीनच्या ड्रममध्ये वीतभर गाळ, गादी दोघांना उचलेना, कपाटाचं प्लायवूड पापडासारखं फुगलेलं.

काकांनी इमारतीचा विमा काढला होता. फरशी, वायरिंग, दारं-खिडक्या यांचे पैसे त्यांना मिळाले. माझ्या सामानाचं काय, असं विचारल्यावर ते खरोखरच गोंधळले. "ते तुझं सामान की गं," म्हणाले. बरोबरच होतं त्यांचं. चूक माझी होती. मला वाटलं होतं, घराचा विमा म्हणजे घरातल्या सगळ्याचा विमा.

शिक्षणासाठी, सीपीआर या सरकारी दवाखान्यातल्या नाहीतर एखाद्या खाजगी दवाखान्यातल्या नोकरीसाठी, गोकुळ शिरगाव-शिरोलीच्या एमआयडीसीत कामाला म्हणून कोल्हापुरात येऊन फ्लॅट किंवा खोली भाड्यानं घेणाऱ्यांसाठी हे लिहितेय. मी विमा एजंट नाही. दोनदा फॉर्म भरलेत, एकदा क्लेम केलाय, आणि ऑफिसातल्या चार-पाच जणांना कागद गोळा करून दिलेत, एवढाच माझा अधिकार.

आधी हे डोक्यात बसवा: कुणाचा विमा कशाचा

मालकाचा विमा भिंती, छत, फरशी यांचा. अपार्टमेंटच्या सोसायटीनं काढलेला असेल तर तोही इमारतीचा, लिफ्टचा, फार तर पाण्याच्या मोटरचा. तुमची गादी, तुमचा लॅपटॉप, तुमचे कपडे या दोन्हींत कुठंच नसतात. पूर आला की पंचनामा होतो आणि सरकारचं सानुग्रह अनुदान मिळतं, पण ती मदत आहे, भरपाई नव्हे. त्यातून नवा फ्रिज येत नाही.

गॅसबद्दल एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. तेल कंपन्यांनी नोंदणीकृत गॅस ग्राहकांसाठी सामूहिक विमा घेतलेला असतो, त्याचा वेगळा हप्ता आपण भरत नाही. सिलिंडरच्या स्फोटात मालमत्तेचं नुकसान झालं तर त्यात एका घटनेला कमाल २ लाख रुपयांपर्यंत तरतूद आहे. पण ती कनेक्शन ज्या पत्त्यावर नोंदलंय त्या घराला. गावाकडचा सिलिंडर टेम्पोत टाकून आणलेला असेल आणि कार्डावर पत्ता गडहिंग्लजचा असेल, तर नुकसान कोल्हापुरात झाल्यावर काय सांगणार? कनेक्शन बदलून घ्या. एजन्सीत एक फेरी होते, बाकी काही नाही.

घर बघतानाच विचारायचा प्रश्न

"पाणी येतं का?" असं विचारू नका. उत्तर 'नाही'च येणार, माझ्या काकांसारखं. "२०१९ ला पाणी कुठवर होतं, आणि २०२१ ला?" असं विचारा. कोल्हापूरकर याचं उत्तर फुटांत देत नाही, अंगावर देतो: घोट्याएवढं, गुडघ्याएवढं, कमरेएवढं, "डोक्यावरनं गेलं की वो." मालकाला विचारून झालं की कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला किंवा इस्त्रीवाल्याला विचारा. त्यांना भाडेकरू मिळवायचा नसतो.

व्हीनस कॉर्नर, शाहूपुरी कुंभार गल्ली, सुतारवाडा, दुधाळी, बापट कॅम्प, रमणमळा, नागाळा पार्कचा खालचा भाग, जयंती नाल्याच्या दोन्ही काठांच्या वस्त्या ही नावं पुराच्या बातम्यांत पुन्हा पुन्हा येतात. नाल्याचं लक्षात ठेवा. पंचगंगा फुगली की नाल्याचं पाणी नदीत जात नाही, उलटं गल्लीत शिरतं, त्यामुळं नदीपासून लांब असूनही घर बुडू शकतं. उलट कळंबा, आर. के. नगर, सम्राटनगर, विद्यापीठाचा परिसर उंचावर. तिथं पुराची भीती नाही, म्हणून विमा नको असं मात्र नाही. आग, गॅस, वरच्या मजल्यावरची फुटलेली टाकी आणि चोर यांना चढ-उतार कळत नाही.

बातम्यांतले आकडेही समजून घ्या. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट ही धोका पातळी. जुलैत कोल्हापुरात दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न "आज किती फूट?" हाच असतो आणि दुसरा राधानगरीचे किती दरवाजे उघडले हा. ते दरवाजे स्वयंचलित आहेत, धरण भरलं की आपोआप उघडतात. कुणाला फोन करून थांबवता येत नाहीत.

यादी: कंटाळवाणी, पण सगळं तिच्यावरच

विमा किती रकमेचा काढायचा हे एजंटला विचारायचं नसतं, स्वतःच्या खोलीला विचारायचं असतं. मी पहिल्यांदा अंदाज केला होता, "माझ्याकडं काय आहे, लाखभराचं असेल." मग एका रविवारी वही घेऊन बसले. फ्रिज २५ हजार, वॉशिंग मशीन १८, टीव्ही २२, लॅपटॉप ५०, पलंग आणि गादी २५, लोखंडी कपाट १२, भांडी-मिक्सर-शेगडी २०, कपडे आणि अंथरूण-पांघरूण ४०, गिझर आणि पंखे १०, पुस्तकं आणि सायकल ८. बेरीज २ लाख ३० हजार. मी काही श्रीमंत नव्हते. सामान एकेक करून येतं म्हणून त्याची किंमत कळत नाही, एवढंच. कपड्यांच्या ४० हजारांवर माझा स्वतःचाच विश्वास बसला नाही, म्हणून परत मोजले. दोन पैठण्या आणि थंडीचे कपडे धरले की होतात.

किंमत लिहिताना आज तीच वस्तू घ्यायला काय पडेल ते लिहा, सहा वर्षांपूर्वीची बिलाची रक्कम नको.

यादी झाली की मोबाईल घेऊन दारापासून सुरुवात करा आणि बोलत बोलत व्हिडिओ काढा. कपाट उघडा, ड्रॉवर उघडा, पलंगाखाली कॅमेरा फिरवा. प्रत्येक यंत्राच्या पाठीमागं किंवा आत मॉडेल आणि सिरियल नंबरचं स्टिकर असतं, त्याचा जवळून फोटो घ्या. फ्रिजचं बहुधा आतल्या बाजूला, भाजीच्या कप्प्याजवळ सापडतं. बिलं असतील तर स्कॅन करा. नसतील तर ऑनलाइन खरेदीच्या ॲपमधली जुनी ऑर्डर किंवा बँकेच्या स्टेटमेंटमधली नोंद चालून जाते. हे सगळं स्वतःलाच मेल करून ठेवा. बिलांची फाईल कपाटाच्या खालच्या खणात ठेवणाऱ्यांपैकी मी एक होते. २०१९ नंतर ती फाईल म्हणजे एक ओली वीट झाली होती.

कोणती पॉलिसी

विमा नियामक आयआरडीएआयनं १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' नावाची एक ठरावीक पॉलिसी सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना विकायला लावली आहे. कंपनी कुठलीही असो, मूळ मजकूर तोच. इमारत आणि सामान दोन्हींचा, नुसत्या इमारतीचा किंवा नुसत्या सामानाचा, असा तिन्ही प्रकारे विमा घेता येतो. भाडेकरूला तिसरा हवा. ऑनलाइन फॉर्ममध्ये 'भाडेकरू' हा पर्याय निवडा आणि इमारतीची रक्कम भरूच नका. एजंट सवयीनं 'घराचा विमा' म्हणून इमारतीचा काढून देतो, असं माझ्या डोळ्यांसमोर झालंय. दुसऱ्याच्या भिंतींचा हप्ता तुम्ही कशाला भरताय?

या पॉलिसीत आग, स्फोट, वीज पडणं, भूकंप, वादळ, पूर आणि पाणी साचणं, दरड कोसळणं, दंगल, बाहेरून काहीतरी येऊन आदळणं, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणं अथवा भरून वाहणं, हे सगळं मुळातच धरलेलं आहे. पुरासाठी वेगळे पैसे मागितले तर का, ते विचारा.

चोरीच्या बाबतीत मात्र बहुतेकांची फसगत होते. साधी चोरी, म्हणजे तुम्ही दिवाळीला गावी गेलात आणि कुणी कुलूप तोडलं, ही मूळ पॉलिसीत नाही. वर सांगितलेल्या एखाद्या घटनेमुळं, आणि तीपासून ७ दिवसांच्या आत झालेली चोरीच फक्त धरली जाते. हे कलम कुणी कोल्हापूर डोळ्यांपुढं ठेवूनच लिहिलं की काय असं वाटतं. पुरात दरवर्षी एक तरी माणूस गच्चीवर बसून राहतो, बोट आली तरी उतरत नाही, कारण घर उघडं टाकून गेलं तर चोर येतील ही धास्ती. त्या सात दिवसांसाठी तरी हे कलम आहे. बाकी वर्षभराच्या चोरीसाठी घरफोडीचं जादा संरक्षण घ्यावं लागतं. खोलीला सारखं कुलूप असेल तर ते घ्याच. ते घेताना घर सलग किती दिवस बंद राहिलं तर चालतं तेही वाचा; उन्हाळ्याच्या सुट्टीत दीड-दोन महिने गावी जाणाऱ्या विद्यार्थ्यांना हीच अट आडवी येते.

न मिळणाऱ्या गोष्टींची यादी लांब आहे. भाडेकरूच्या कामाच्या तेवढ्या सांगते. शॉर्टसर्किट होऊन किंवा व्होल्टेज वाढून फ्रिज जळाला तर त्या फ्रिजचे पैसे नाहीत. पण त्या फ्रिजमधून आग पसरून पडदा, पलंग, कपाट जळालं तर त्यांचे आहेत. वरच्या फ्लॅटमधून महिनोन्महिने ओल झिरपून भिंतीलगतचं कपाट कुजलं तर नाही, वरची टाकी एकदम फुटून खाली पाणी आलं तर हो. पॉलिसी अचानक घडलेल्या गोष्टीची असते, हळूहळू होणाऱ्याची नसते. रोख पैसे धरू नका. दुचाकी, चारचाकी यांचा या पॉलिसीशी संबंध नाही.

गाडीचं निघालंच आहे तर: नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर पार्किंगमध्ये बुडालेल्या गाडीचा एक रुपया मिळत नाही. आणि बुडालेली गाडी स्टार्टर मारून बघू नका. इंजिनात पाणी ओढलं गेलं की मग खर्च कुणाचा यावर वाद सुरू होतो. टो करून गॅरेजला न्या.

दागिने आणि मौल्यवान वस्तू साध्या सामानात येत नाहीत, त्यांचं वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. एकूण ५ लाखांपर्यंत आणि एकेक वस्तू १ लाखाच्या आतली असेल तर मूल्यांकनाचा दाखला लागत नाही. सोन्याचा भाव बघता एक बऱ्यापैकी हार ही मर्यादा सहज ओलांडतो. माझं मत विचाराल तर भाड्याच्या खोलीत दागिने ठेवूच नका. गावाकडच्या लॉकरमध्ये ठेवा आणि हप्ता वाचवा.

लॅपटॉप घरात असताना झालेल्या नुकसानीला पॉलिसी चालते. मध्यवर्ती बसस्थानकावर बॅग चोरीला गेली तर नाही. बाहेरसुद्धा संरक्षण हवं तर कंपन्या पोर्टेबल वस्तूंसाठी वेगळी जोडणी देतात, पण तिचा हप्ता चढा पडतो. लॅपटॉप तुमच्या कंपनीचा असेल तर आधी एचआरला विचारा, त्यांचा विमा असतो.

घरातून व्यवसाय करणाऱ्यांनी जरा थांबा. ही पॉलिसी राहत्या घराची आहे. एका खोलीत कोल्हापुरी चपलांचा माल भरून ऑनलाइन विकत असाल, मेस चालवत असाल, ऑर्डरचे ब्लाऊज शिवत असाल, तर तो माल आणि ती यंत्रं घरगुती सामान म्हणून खपणार नाहीत. त्याला दुकानदाराची वेगळी पॉलिसी असते.

हप्ता? सामानाच्या दोन-तीन लाखांच्या साध्या संरक्षणाला वर्षाला बहुधा काही शे रुपये पडतात, घरफोडी जोडली की वाढतो, वर जीएसटी. दोन-तीन कंपन्यांच्या साइटवर तीच रक्कम टाकून बघा. मूळ पॉलिसी सारखीच असल्यानं तुलना सोपी आहे, जादा जोडण्यांत मात्र फरक असतो.

'भारत गृह रक्षा'चा आणखी एक फायदा. जुन्या पद्धतीच्या घरगुती पॉलिसींत कमी रकमेचा विमा काढला तर भरपाईही त्याच प्रमाणात कापतात. सामान २ लाखांचं, विमा १ लाखाचा, नुकसान ५० हजारांचं, तर हातात २५ हजार. 'भारत गृह रक्षा'त ही कापणी माफ आहे. दुसऱ्या नावाची पॉलिसी घेत असाल तर हे एक कलम शोधून वाचा, बाकीचं नंतर.

फॉर्म भरताना

खरं लिहा, एवढंच सांगणं आहे. मंगळवार पेठेतल्या, शिवाजी पेठेतल्या जुन्या मातीच्या वाड्यात राहत असाल तर 'पक्कं बांधकाम' वर टिचकी मारू नका. तळमजला असेल तर तळमजलाच लिहा. आधी नुकसान झालंय का या प्रश्नाला माझा हात 'नाही'कडं गेला होता, कबूल करते. हप्ता वाढेल अशी भीती. मग 'हो' लिहिलं. खोटं सापडलं तर कंपनीला क्लेम नाकारायला आयतं निमित्त मिळतं.

रूममेट असतील तर तुमच्या पॉलिसीत त्यांचं सामान येत नाही. नवरा-बायको, आई-वडील, मुलं यांचं येतं, मैत्रिणीचं नाही. प्रत्येकीनं आपापली घ्या. टीव्ही कुणाचा, फ्रिज कुणाचा हे एकदा व्हॉट्सॲपवर लिहून ठेवा. फर्निश्ड फ्लॅटमधलं मालकाचं फर्निचर तुमच्या विम्यात आहे असं गृहीत धरू नका. त्याचा विमा मालकानं काढावा, आणि करारात वस्तूंची यादी जोडून दोघांनी सही करावी.

कराराचा विषय आलाच म्हणून: अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार महाराष्ट्रात नोंदणीकृत असणं १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार सक्तीचं आहे आणि ती जबाबदारी मालकाची. ऑनलाइन होतो. "कशाला एवढं, आपण घरचीच माणसं," असं म्हणणारे काका भेटतील. काकांना मान द्या आणि नोंदणी करून घ्या. तुम्ही त्या पत्त्यावर राहता याचा तोच पुरावा असतो, आणि क्लेमच्या वेळी सर्व्हेअर, म्हणजे नुकसान तपासायला कंपनीनं नेमलेला माणूस, पहिल्यांदा तोच मागतो.

कधी घ्यायचा? मे महिन्यात, किंवा घरात पाऊल टाकलं त्या दिवशी. बंधाऱ्यावर ४१ फूट झाल्यावर फॉर्म भरायला बसलात तर उपयोग नाही. दारात आलेल्या पाण्याचा विमा कुणी देत नसतं.

नुकसान झालं तर

२०२१ च्या जुलैत पाणी ५६ फुटांवर गेलं तेव्हा मी पहिल्या मजल्यावर होते, सुखरूप. माझा क्लेम नंतरचा, वरच्या फ्लॅटची टाकी फुटल्याचा. पण ऑफिसातल्या दोघींचे पुराचे कागद मीच लावले, त्यामुळं क्रम पाठ झालाय.

घरात शिरायच्या आधी मेन स्विच बंद आहे का बघा. भिंतीत ओल असताना कुणी बटण दाबू नये. फ्रिज 'चालतोय का बघू' म्हणून प्लग लावू नका, मेकॅनिकनं उघडून वाळवल्याशिवाय तर नाहीच.

मग फोटो. साफसफाईच्या आधी. हे सांगायला सोपं आहे, करायला महाकठीण. गाळाचा वास डोक्यात जातो, शेजारचे काकू-काका पाइप घेऊन मदतीला आलेले असतात, आणि आपण "थांबा, आधी फोटो काढते" म्हणत उभं राहायचं. तरी काढा. भिंतीवर पाण्याची रेघ उमटलेली असते, तिच्याशेजारी उभं राहून एक फोटो घ्या, म्हणजे उंची कळते. प्रत्येक वस्तूचा एक लांबून, एक जवळून, एक स्टिकरचा.

त्याच दिवशी कंपनीला कळवा. फोन, ॲप, मेल काहीही चालेल, पण क्लेम नंबर लिहून घ्या, आणि फोन केला असेल तरी वर एक मेल टाकाच. सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत सामान टाकू नका. गादी कुजायला लागली, महापालिकेची गाडी कचरा न्यायला दारात आली, अशी अडचण होतेच. मग कंपनीला फोटोसह मेल करा की आरोग्याच्या कारणानं अमुक वस्तू टाकतोय, आणि जमलं तर गादीच्या कापडाचा तुकडा, यंत्राची नंबरची पट्टी काढून ठेवा. ऑफिसातल्या एकीनं मिक्सरची फक्त तळाची प्लेट जपून ठेवली होती. सर्व्हेअर ती बघून हसला, पण मिक्सर यादीत धरला.

कागद असे लागतात: पॉलिसी, भाडेकरार, वस्तूंची यादी आणि बिलं, दुरुस्तीचं कोटेशन, रद्द केलेला चेक. पुराला पंचनाम्याची प्रत, आगीला अग्निशमन दलाचा दाखला, चोरीला पोलिसांतली एफआयआर. पंचनामा करायला माणूस येतो तेव्हा बहुधा मालकाचं नाव लिहून पुढं जातो. भाडेकरू म्हणून तुमचं नाव आणि तुमचं सामान वेगळं लिहायला लावा. विनंतीनं सांगा, पण सांगा.

आयआरडीएआयच्या २०२४ च्या नियमांनुसार क्लेम कळवल्यावर २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्यानं १५ दिवसांत अहवाल द्यायचा आणि अहवाल मिळाल्यावर ७ दिवसांत कंपनीनं निर्णय घ्यायचा. आख्खं शहर पाण्यात असताना हे किती जमतं ते बघूच. पण तारखा लिहून ठेवल्या की पाठपुरावा करताना "अजून झालं नाही का हो" असं अजिजीनं विचारावं लागत नाही, दिवस मोजून दाखवता येतात.

सर्व्हेअरशी भांडू नका आणि फुगवून सांगू नका. तो दिवसाला डझनभर घरं बघतो. चार हजारांच्या मिक्सरचे दहा हजार सांगितलेत की तुमच्या खऱ्या वस्तूंवरही त्याचा विश्वास उडतो. जेवढं होतं तेवढं, यादीत लिहिलंय तसं.

कंपनीनं नाकारलं किंवा कमी दिलं तर आधी कंपनीच्याच तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी लिहा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडं जाता येतं. कोल्हापूरसाठी ते कार्यालय पुण्यात आहे. वकील लागत नाही, फी नाही, ५० लाखांपर्यंतच्या वादाचा निवाडा होतो, आणि कंपनीच्या नकारानंतर वर्षाच्या आत जावं लागतं. नियामकाचा 'बिमा भरोसा' हा तक्रारीचा पोर्टल आहे, १५५२५५ हा टोल फ्री नंबर.

घर बदललं की

विमा सामानाचा असला तरी तो पत्त्याला चिकटलेला असतो. माझ्या एका मैत्रिणीनं एप्रिल २०२१ मध्ये पॉलिसी घेतली, जूनमध्ये करार संपला म्हणून दोन गल्ल्या पलीकडं राहायला गेली, आणि जुलैत पूर आला. सामान तेच, यादी तीच, फोटो तेच. पॉलिसीवर पत्ता जुन्या खोलीचा. क्लेम गेला. नव्या पत्त्याची नोंद करायला एक मेल आणि नव्या कराराची प्रत लागली असती. कंपन्या त्याला एंडोर्समेंट म्हणतात. नवं घर तळमजल्यावर किंवा नाल्याकाठी असेल तर हप्त्यात थोडा फरक पडू शकतो. टेम्पो ठरवायच्या दिवशीच हा मेल करा, आणि सुधारित पॉलिसीची प्रत आल्याशिवाय काम झालं असं समजू नका.

अकरा-अकरा महिन्यांनी घरं बदलणाऱ्यांनी पॉलिसी एका वर्षाचीच घ्यावी. दहा वर्षांची मिळते आणि एजंट सवलतीचं गाजर दाखवतो, पण ती स्वतःच्या घरात राहणाऱ्यांसाठी बरी. मध्येच पुण्याला बदली झाली, लग्न ठरलं, शिक्षण संपलं आणि विमा नको झाला, तर पॉलिसी रद्द करता येते. क्लेम केलेला नसेल तर उरलेल्या दिवसांच्या प्रमाणात हप्ता परत मिळतो. मालकाकडून डिपॉझिट मागायला जाल त्याच आठवड्यात तोही मागून घ्या.